हार गाऊची पारी आणि न प्यायलेला चहा: हाँगकाँगमधल्या दोन डिम सम ठिकाणांचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

मागच्या रविवारी डिम सम, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे कँटोनीज पदार्थ, खायला गेलो, बिलावर चार माणसांचा चहा लावलेला दिसला आणि ठरवलं, आता लिहायचंच. आम्ही मोठी माणसं तीन. चौथा माझा मुलगा, वय वर्षं तीन, लहान मुलांच्या उंच खुर्चीत बसलेला. घरून नेलेल्या बाटलीतल्या पाण्याशिवाय त्याने काहीही प्यायलं नव्हतं. चहा माणशी १६ हाँगकाँग डॉलर. त्यात न मागता टेबलावर आणून ठेवलेली शेंगदाण्यांची बशी, १८ डॉलर. त्यावर १० टक्के सेवाशुल्क. म्हणजे मुलाचा न प्यायलेला चहा आणि आम्ही हातही न लावलेले शेंगदाणे मिळून ३७ डॉलर ४० सेंट. तिथे हार गाऊची, म्हणजे पातळ पारीत कोळंबी भरून वाफवलेल्या डंपलिंगची, अख्खी टोपली ३८ डॉलरला मिळते!

चहाचे माणशी पैसे लागतात हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. किटलीत हवं तितक्या वेळा गरम पाणी भरून देतात, झाकण तिरकं करून ठेवलं की कोणीतरी येऊन भरून जातं, दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही. पण तीन वर्षांच्या पोराला बो लेय, म्हणजे आंबवलेला काळा चिनी चहा? मॅनेजरशी बरीच हुज्जत घातली. खुर्ची अडवली की चहा लागतो, हे त्याचं एकच पालुपद. शेवटी शेंगदाणे बिलातून काढले, चहा तसाच राहिला. तेव्हा नव्याने येणाऱ्यांनी एक करा. बसल्या बसल्या ती बशी परत पाठवा, आणि मूल बरोबर असेल तर चहा किती जणांचा लावणार ते आधी विचारून घ्या.

आता खाण्याबद्दल. आम्ही हुंग होमला राहतो. घरापासून चालत जाता येईल अशी दोन कँटोनीज रेस्टॉरंटं आहेत. एक जुनं, पहिल्या मजल्यावरचं, जिथे अजून बायका ढकलगाड्यांवरून बांबूच्या टोपल्या फिरवतात. दुसरं मॉलमधलं, साखळीतलं, मोबाइलवर कोड स्कॅन करून मागवायचं. वरचा चहाचा प्रकार जुन्या ठिकाणचा. दोन्हीकडे आम्ही आलटून पालटून जातो आणि दोन्हीकडे पहिली टोपली हार गाऊचीच मागवतो.

हार गाऊवर मी एवढी अडून का बसते असं नवराही विचारतो. कारण सरळ आहे. सिउ माय या डंपलिंगचं आवरण पिवळ्या पिठाचं, वरून उघडं, त्यात थोडं उन्नीस-बीस झालं तरी खपून जातं. ‘चार सिउ बाव’ या भरलेल्या पावात डुकराच्या मांसाचं गोड सारण सगळं सांभाळून घेतं. हार गाऊला लपायला जागाच नाही. ज्यांनी उकडीचे मोदक केलेत त्यांना हे चटकन कळेल: उकळत्या पाण्यात पीठ भिजवायचं, गरम असतानाच मळायचं, पारी पातळ करायची, कळ्या पाडायच्या, वाफवायचं, आणि पारी फाटली की सगळं मुसळ केरात. इथे तांदळाऐवजी गव्हाचं सत्त्व असतं, म्हणजे कणकेतला चिकटा धुऊन काढल्यावर उरणारा स्टार्च, आणि त्यात थोडा टॅपिओकाचा स्टार्च. ही पारी लाटत नाहीत. तेल लावलेल्या बोथट सुरीचं रुंद पातं पिठाच्या गोळीवर दाबून फिरवतात, की गोल चकती तयार. वाफवल्यावर ती इतकी पारदर्शक व्हायला हवी की आतली कोळंबी गुलाबी दिसेल. आणि काडीने उचलल्यावर फाटता कामा नये.

हिवाळ्यात जुन्या ठिकाणचे हार गाऊ निर्विवाद सरस होते. कळ्या बारीक आणि एकसारख्या, कोळंबी दाताखाली कटकन तुटणारी. हा कटकनपणा आपोआप येत नाही. कोळंबी मीठ आणि स्टार्च लावून चोळतात, गार वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतात, कोरडी करून थंड करतात. ज्या स्वयंपाकघरात ही मेहनत वाचवतात तिथली कोळंबी मऊ लागते. मॉलमध्ये तशीच लागायची. पारीही जाड, दाताला चिकटणारी. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून जुन्या ठिकाणाचं नाव सांगितलं असतं.

उन्हाळा लागला तसं चित्र पालटलं. जुन्या ठिकाणी आम्ही मुलाच्या झोपेमुळे दुपारी जायला लागलो आणि एकामागून एक टोपल्या फाटक्या यायला लागल्या. एकदा टोपली अगदी डोळ्यांजवळ घेऊन पाहिली. चार हार गाऊ एकमेकांना टेकलेले, खालचा कागद ओला चिंब, आणि प्रत्येकाचं बूड कागदाला चिकटलेलं. पहिला उचलला तर तळ कागदावरच राहिला, कोळंबी बशीत पडली आणि सगळा रस टोपलीतून खाली गळाला. रस गळाला की हार गाऊत खाण्यासारखं काय उरतं?

कारण गाडीत आहे. गाडीच्या पोटात वाफ चालूच असते. टोपली हॉलला जितक्या फेऱ्या मारते तितकी पारी वाफेत जास्त शिजते, गिळगिळीत होते. वाफ कमी पडली तर उलटं होतं: स्टार्च थंड होताना आवळतो, पारी पांढुरकी, कडक होते आणि कळ्यांपाशी तडकते. म्हणजे स्वयंपाक्याने जीव ओतून केलेला पदार्थ हॉलमध्ये वाया जातो. ढकलगाड्यांवर माझं प्रेम आहे. लोक सेंट्रलला सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसला मुद्दाम गाड्यांसाठी जातात. वेलिंग्टन स्ट्रीटवरचं लिन हेउंग हे जुनं चहाघर २०२२ मध्ये बंद पडलं तेव्हा लोक हळहळले आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडल्यावर गर्दी करून गेले, ते मला पूर्ण समजतं. पण हार गाऊ गाडीवरचा घेऊ नये, हे माझं आता पक्कं मत आहे. गाडीवरून घ्यायचं तर ‘लो माय काय’ घ्या. कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात वाफेत जितका मुरेल तितका चांगला. फुंग झाव, म्हणजे कोंबडीचे पाय, तेही आधी तळून, शिजवून मग काळ्या बीन्समध्ये वाफवलेले असतात, त्यांना दहा मिनिटं इकडेतिकडे झाल्याने काही होत नाही.

मॉलमधल्यांनी मात्र मधल्या काळात सुधारणा केली, ते मान्य करायलाच हवं. आता प्रत्येक हार गाऊखाली गाजराची पातळ चकती ठेवतात. एवढीशी गोष्ट! पण बूड चिकटत नाही, उचलताना चकतीसकट सुटं येतं. मागवल्यावर वाफवायला घेतात, त्यामुळे थोडं थांबावं लागतं, पण टोपलीचं झाकण काढल्यावर पारी चकाकत असते. कोळंबी अजूनही जुन्या ठिकाणच्या तोडीची नाही. पण मॉलमध्ये बसल्याबरोबर मोठी माणसं किती ते विचारतात आणि तेवढ्यांचाच चहा लावतात. दुपारी दोननंतर दरही उतरतात, तेव्हा चौघांचं पोट भरून बिल आवाक्यात राहतं.

मग जुनं ठिकाण सोडलं का? नाही. नवऱ्याने शेजारच्या टेबलावरच्या आजोबांकडून एक गोष्ट हेरली. ते सकाळी साडेसातला वर्तमानपत्र घेऊन येतात आणि गाडीकडे बघतही नाहीत, पदार्थांच्या यादीच्या कार्डावर खूण करून थेट आतून मागवतात. आम्हीही तसंच केलं. तीच कोळंबी, तेच हात, आणि पारी जशी हवी तशी. सकाळी दर कमी, हॉल निम्मा रिकामा. त्यामुळे सध्या सकाळी नऊच्या आत जुनं, दुपारी मॉल, अशी विभागणी आहे. मुलगा बरोबर असेल तर मॉलच, कारण त्या चहाचे पैसे मी पुन्हा भरणार नाही.

बाकी पदार्थांचं थोडक्यात. छेउंग फन जुन्या ठिकाणी चांगलं, तांदळाचा पापुद्रा रेशमासारखा, वरचा सोया सॉस गोडसर. मॉलमध्ये ते जाड आणि रबरी. चार सिउ बाव वाफवलेला असेल तर वरून फुललेला, उकललेला हवा, तसा दोन्हीकडे मिळतो. भाजलेला, वर साखरेची खुसखुशीत खपली असलेला हवा असेल तर टिम हो वान या डिम सम रेस्टॉरंटात जा. ते २००९ मध्ये माँग कॉकला एका लहानशा गाळ्यात सुरू झालं, आणि त्याचे एक संस्थापक माक क्वाय-पुई त्याआधी लुंग किंग हीनसारख्या महागड्या हॉटेलात डिम सम करत. तो बाव आजही गरम खावा असाच आहे.

आणि शाकाहारी पाहुणे घेऊन येणाऱ्यांसाठी. सासूबाई दिवाळीनंतर पुण्याहून येणार आहेत म्हणून मी दोन्हीकडे खोदून खोदून विचारलं. लो बाक को मुळ्याची वडी आहे, पण तिच्यात सुकी कोळंबी आणि कँटोनीज सॉसेज असतं. आंब्याच्या पुडिंगमध्ये जिलेटिन. तिळाच्या तळलेल्या गोळ्यांच्या सारणात डुकराची चरबी असू शकते, ते त्या त्या ठिकाणी विचारावंच लागतं. मॉलमध्ये मशरूम आणि भाज्यांची वाफवलेली डंपलिंग चरबीशिवाय करून देतो म्हणाले, फक्त आदल्या दिवशी फोन करायचा. जुन्या ठिकाणी सरळ सांगितलं की इथे जमणार नाही. खरं सांगितलं ते बरं वाटलं.