शेवंतीवर आयबीए आणि जीए: एका हंगामाच्या वापरानंतर

पुरंदर तालुक्यात आमची शेवंती असते, माल पुण्याच्या गुलटेकडी बाजारात जातो. गेल्या हंगामात लागवडीपासून शेवटच्या तोडणीपर्यंत दोन संजीवकं, म्हणजे झाडाच्या वाढीला वळण देणारी द्रव्यं वापरली: कलमांना मुळं फुटायला आयबीए आणि उभ्या पिकाची काडी लांबायला जिबरेलिक ॲसिड, म्हणजे आपलं जीए. निकाल आधीच सांगतो. आयबीएचे पैसे पुरेपूर फिटले. जीएचे फिटले ते फक्त काडीसकट गड्डी बांधून विकलेल्या मालात.

आमच्याकडे जुन्या झाडाच्या काश्या, म्हणजे बुडाचे मुळांसकट फुटवे लावायची पद्धत. त्यात एक वाफा दणकट तर शेजारचा मरतुकडा, शिवाय जुन्या मुळांबरोबर रोगही येतात. म्हणून गेल्या हंगामात शेंड्याची बोटभर कलमं घेतली. आयबीए १००० पीपीएम, म्हणजे लिटरला १ ग्रॅम. नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही. आधी स्पिरिटमध्ये विरघळवायचं, मग हळूहळू तेवढंच पाणी घालायचं. कलमाचं बूड पाच-सात सेकंद बुडवलं की लगेच कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या ट्रेमध्ये. काही ट्रे मुद्दाम आयबीएशिवाय भरले होते. लावणीला रोपं उपसताना फरक बोटांनाच कळला. आयबीएच्या रोपाचा गड्डा अख्खा बाहेर यायचा, चहूबाजूंनी पांढऱ्या मुळांनी विणलेला. बिनआयबीएच्या रोपाला एकाच अंगाला चार मुळं, कोकोपीट हातातच सुटायचं. शेवंतीला मुळं तशीही फुटतात, पण सगळी रोपं एकदम तयार झाल्याने पुढे शेंडा खुडणं, खत, कळी सगळं एका वेळेला आलं. मजुरी तिथे वाचली.

जीए घेताना बाटलीवरची टक्केवारी वाचाच. ०.००१ टक्के लिहिलेल्या बाटलीत लिटरमागे जेमतेम १० मिलिग्रॅम जीए असतं, म्हणजे ती न मिसळता अख्खी ओतली तरी १० पीपीएमच! मला ५० पीपीएम हवं होतं. त्यासाठी ९० टक्क्यांची पावडर, १५ लिटरच्या पंपाला सुमारे ०.८ ग्रॅम. तासगावचे मामा द्राक्षबागेत हेच वर्षानुवर्षं मारतात, त्यांनीच स्पिरिटमध्ये विरघळवायला शिकवलं. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं, आणि अशा पाण्यात जीएची ताकद लवकर उतरते. म्हणून सायट्रिक ॲसिड टाकून सामू (पीएच) ६ च्या आसपास आणायचो आणि केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचो.

शेंडा खुडून फुटवे धरल्यावर पहिली फवारणी, पुढे काही दिवसांनी दुसरी, आणि कळी दिसायच्या आत बंद. पेरं लांबलं, काडी चांगली चार बोटं वाढली, पानं थोडे दिवस फिकी दिसली. गड्डीच्या मालाला काडीच्या लांबीवर भाव मिळतो, तिथे खर्च सहज निघाला. सुट्ट्या फुलांच्या वजनात मात्र काही फरक दिसला नाही. उलट परतीच्या पावसात तेच लांबलेले ताटे आधी लोळले. यात नवल नाही: जीएचा शोध लागला तोच भाताच्या रोगातून. १९२६ मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की त्या रोगाची बुरशी असा पदार्थ सोडते, ज्याने रोप उंच, किडकिडीत होतं. शेजाऱ्यांनी कळीवर जीए मारलं, तर फुलांचे देठ नको इतके लांबले आणि फुलांनी माना टाकल्या.

घटक आणि टक्केवारी न छापलेल्या बाटल्या 'फुलांचं टॉनिक' म्हणून गळ्यात मारतात, याचा मला मनापासून राग येतो. संजीवक म्हणजे खत नव्हे. नत्र-पालाश कमी पडलेल्या झाडाला जीए दिलं तर ते नुसतं उंच होतं, भरत नाही.

यंदा आयबीए सगळ्या कलमांना लावणार आहे. जीए फक्त गड्डीच्या वाफ्यांना, तेही बांबू आणि सुतळीचा आधार आधी करून. सुट्ट्या फुलांचे ते पैसे मल्चिंगला जातील.