कुंडीतली निर्गुडी: वर्षभर वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये ‘सांधेदुखीसाठी घरची बाग’ हा सहा रोपांचा संच साडेआठशे रुपयांना मागवला. त्यात निर्गुडी, हळद, आलं, पुदिना, गवती चहा आणि पारिजातक अशी रोपं येतात. थेट निर्गुडीकडे येते, म्हणजे सांधेदुखीवर जिचा पाला वापरतात त्या झुडपाकडे.

माझं भांडण तेलावरून आहे. सोबतच्या पत्रकात छापलंय, ‘एका कुंडीतून घरचं निर्गुडी तेल’. आईचे गुडघे दुखतात, बाजारातली तेलाची बाटली महिनाभरही पुरत नाही, त्यासाठीच तर हा खर्च केला. आता हिशोब बघा. तेल सिद्ध करायचं आयुर्वेदातलं प्रमाण ठरलेलं आहे: कल्क (म्हणजे वाटलेला लगदा) १ भाग, तेल ४ भाग, रस किंवा काढा १६ भाग. म्हणजे पाव लिटर तेलाला एक लिटर रस! आमची गॅलरी पुण्यात सिंहगड रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. बारा इंची कुंडीत ऐन श्रावणातसुद्धा एका खेपेला ओंजळभर पाला निघतो. त्यातून लिटरभर रस कुठून काढायचा? विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, ‘मॅडम, अजून दोन संच घ्या.’ पैसे परत मागितले, तेही नाही. पत्रक छापण्याआधी एका कुंडीचा पाला तराजूत टाकून बघायला काय हरकत होती? तेव्हा एकच तारा दिला होता.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि मत बदललं. तेलाला न पुरणारा तोच ओंजळभर पाला तव्यावर गरम करून सुती फडक्यात बांधला आणि आईचे गुडघे शेकले. ओंजळ एका शेकाला पुरून उरते, आणि पुरचुंडी पुन्हा तापवताही येते. यात उबेचा गुण किती आणि पाल्याचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण शेकायची पिशवी कपाटात टाकून देणारी आई ही पुरचुंडी रोज स्वतः मागते, रात्री निवांत झोपते, आणि मला तेवढं पुष्कळ आहे. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल तर मात्र शेकू नका. डॉक्टरांनी सांगितलेले मांडीचे व्यायाम आणि गोळी आम्ही बंद केलेली नाही. उरलेला पाला सावलीत वाळवून गव्हाच्या डब्यात घालते, किडे लागत नाहीत.

हळद फेब्रुवारीत पानं वाळल्यावर काढली, वाटीभर निघाली. हळदीतलं कर्क्युमिन नुसतं घेतलं तर अंगी फारसं लागत नाही, मिऱ्यातल्या पायपेरीनमुळे जास्त शोषलं जातं, म्हणून आईच्या दुधात चिमूटभर मिरपूड असते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पुदिना चटणीला उत्तम, दुखण्याला नाही: थंडावा देणारं मेन्थॉल जपानी पुदिन्यात भरपूर असतं, आपल्या चटणीच्या पुदिन्यात मुख्यतः कार्व्होन हे वेगळंच सुगंधी द्रव्य. गवती चहा, आलं ठीक. पारिजातक अजून फुललेला नाही.

आता तीन तारे. पत्रकातली तेलाची ओळ काढली तर चौथाही देईन. पण नुसती निर्गुडी हवी असेल तर संच घेऊच नका. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून गावाकडे बांधावर कुंपणाला लावलेली असते. तिथून पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणा आणि पाऊस सुरू झाला की कुंडीत खोचा, सहज जगते. तेलासाठी लागणारा पालाही तिथूनच पोतं भरून आणा.