कागलमध्ये मापाची कापशी

आमच्या आबांना तयार चप्पल बसत नाही. पंजा रुंद, त्यात अंगठ्याच्या बुडाशी हाड वाढलेलं. पुण्यात कोल्हापुरी म्हणून जे विकायला असतं ते बघितलंय मी, तळाला रबर, वर रेक्झिन, कडेला नायलॉनची शिवण. म्हणून गावी गेल्यावर आबांना घेऊन सरळ कागलच्या बाजारपेठेतलं एक छोटं दुकान गाठलं. कोल्हापुरीचाच एक प्रकार असलेली कापशी चप्पल ज्या गावावरून ओळखली जाते ती सेनापती कापशी याच तालुक्यातली.

दुकान म्हणजे एक खोली. पुढे खुंट्यांना जोड टांगलेले, मागे दुकानाचे कारागीर मामा रापीने कातडं कापत बसलेले आणि मामी चपलेच्या पट्ट्याची वेणी घालत होत्या. आबा बाकावर बसून पाय पुढे करायला लागले तर मामा म्हणाले, "उभारा आबा, भार द्या पायावर. बसून घेतलेलं माप खोटं असतंय." कागदावर दोन्ही पाय वेगवेगळे काढले. उजवा पंजा जास्त पसरतो हे आम्हाला घरात इतकी वर्षं कळलं नव्हतं. हाडाच्या जागी पेन्सिलीने खूण केली आणि तिथे पट्टा थोडा पुढे सरकवून बसवतो म्हणाले.

कातडं त्यांनी हातात देऊन दाखवलं. तळाला म्हशीचं, वेणीला शेळीचं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, त्यामुळे वास उग्र येतो. घरी आणल्यावर पहिले काही दिवस येणारच. पूर्ण जोडात एकही खिळा नाही, कातड्याच्याच वादीने शिवलेला. तळ उलटा करून ही शिवण बघायची, अस्सल माल ओळखायची एवढी खूण पुरेशी आहे.

किंमत दीड हजार. आबांना जास्त वाटली, मला नाही वाटली. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये अशाच चपला मिरवल्या, आणि आधी कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. त्याचा मला अजून राग आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव वापरायचा कायदेशीर हक्क, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या कारागिरांचं आहे, आणि हातात रापी धरणाऱ्या या माणसाशी घासाघीस करायला माझी जीभ रेटली नाही.

आठवड्याने जोड मिळाला. पहिल्या दिवशी चपलेचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, आबांना टोचले, तेव्हा मामांनी सांगितल्याप्रमाणे आतून एरंडेल चोळलं. आता आबा शेतावर सोडून सगळीकडे तीच घालतात. पावसाळ्यात मात्र ही चप्पल घालायची नाही. चुकून भिजलीच तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. उन्हाने तळ वाकडा होतो.

उणं एकच, बायकांसाठी फारसं काही टांगलेलं नसतं. दोनतीन नमुने, तेही गोंड्याचे, रोज ऑफिसला घालण्यासारखे नाहीत. पण सांगितलं तर करून देतात. मी बिनगोंड्याचा, सपाट टाचेचा जोड सांगून आलेय. रंग लावू नका, कातड्याचा आहे तसाच ठेवा म्हटल्यावर मामी लगेच म्हणाल्या, "तोच खरा टिकतोय बघा." जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी मामा जेवायला घरी जातात आणि माप दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाहीत.