गरोदरपणाची यू-उशी, पोटाचा पट्टा आणि चेंडू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर 19 व्या आठवड्यापासून 39 व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री, आणि बाळंतपणानंतर तीन महिने दूध पाजताना. उशी यू आकाराची, लांबी साधारण 4 फूट 8 इंच, रुंदी अडीच फूट, आत पोकळ धाग्याचं फायबर, वर मखमली अभ्रा. झोपणारीची उंची 5 फूट 2 इंच, बेड 5 बाय साडेसहा फुटांचा, गादी कापसाची. ही मापं आधीच सांगितली, कारण या उशीबद्दलची निम्मी मतं बेड आणि उंचीवर ठरतात. साडेपाच फुटांच्या बाईचे घोटे याच उशीच्या टोकाबाहेर जातील. चार फुटी बेडवर ही उशी ठेवली, तर दुसऱ्या माणसाला खालीच झोपावं लागेल.

कुशीवर झोपल्यावर शरीर आणि गादी यांच्यामध्ये चार ठिकाणी पोकळी राहते: मानेखाली, पोटाखाली, दोन पायांच्या मध्ये आणि पाठीमागे. पाचव्या महिन्यापासून पोटाचं वजन पुढे ओढतं, वरचा पाय खाली घसरतो, कंबर पिळली जाते आणि पहाटे उठल्यावर खुबा ठणकतो. यू-उशी या चारही जागा एकदम भरते, तिचं काम तेवढंच. त्या जागा नीट भरल्या नाहीत, तर तीन हजारांची उशीसुद्धा नुसतीच बेड अडवते.

सगळ्यात जास्त चूक पायांमध्ये होते. बहुतेक जणी उशी फक्त गुडघ्यांत धरतात आणि घोटा गादीवर लोंबतो. मग मांडी खुब्यातून आत वळते आणि ज्या दुखण्यासाठी उशी घेतली तेच वाढतं. गुडघा आणि घोटा एकाच उंचीवर हवेत. पाय ठेवून दाबल्यावर उशीची जाडी चार ते पाच इंच उरली पाहिजे. नवीन यू-उशी सात-आठ इंच टम्म भरलेली येते, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस मांड्या जास्त फाकतात आणि जांघेत ताण येतो. उपाय सोपा आहे. आतल्या पिशवीची चेन उघडायची, पायांच्या भागातून दोन-तीन ओंजळी फायबर काढायचं आणि वेगळ्या पिशवीत जपून ठेवायचं. ते नंतर लागतंच.

डोक्याकडचा भाग फक्त डोकं आणि मान यांच्यासाठी आहे. खांदा उशीवर चढला की हात बधिर होतो. सातव्या महिन्यात बोटांना सूज आणि मुंग्या येतात, तेव्हा हे लगेच जाणवतं. पोटाखाली यू-उशीची आतली कड यायला हवी, पण लहान पोटाला (24 व्या आठवड्यापर्यंत) ती पोहोचत नाही. तिथे जुन्या सुती साडीची चौघडी, दीड-दोन इंच जाडीची, सरकवायची. पोट उचलायचं नाही, नुसतं टेकवायचं. पाठीमागची बाजू सगळ्यात कमी कौतुकाची, पण झोपेत उताणं होण्यापासून तीच अडवते.

उताणं झोपण्याबद्दल घरोघरी फार भीती घातली जाते, म्हणून नेमकं सांगायला हवं. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर मणक्याच्या किंचित उजवीकडून जाते. वाढलेलं गर्भाशय उताण्या अवस्थेत तिच्यावर दाबतं, म्हणून घाम फुटतो, गरगरतं. 28 व्या आठवड्यापासून झोपी जाताना कुशीवर असावं. डावी चांगली, उजवीही चालते. रात्री जाग आल्यावर उताण्या दिसलात तर घाबरायचं कारण नाही, वळा आणि पुन्हा झोपा. रात्रभर एकाच डाव्या कुशीवर पडून खुबा सुन्न करून घेणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, त्यांनी कूस बदलायला अजिबात कचरू नये.

कूस बदलणं हाच यू-उशीचा मोठा फायदा. सी किंवा जे आकाराची उशी प्रत्येक वेळी उचलून दुसऱ्या बाजूला न्यावी लागते, आणि रात्रीत चार वेळा लघवीला उठणाऱ्या बाईला ते नकोसं होतं. यू-उशीत नुसतं वळायचं. वळताना मात्र गुडघे जुळवून, खांदा आणि कंबर एकदम फिरवायची. ओटीपोटाच्या पुढच्या हाडात कळ येत असेल तर एक पाय आधी आणि दुसरा मागून, असं कधीही करू नये. उठताना आधी कुशीवर, मग दोन्ही पाय एकत्र बेडखाली सोडायचे आणि कोपरावर व तळहातावर जोर देऊन बसायचं. यू-उशीची बाजू इथे आडवी येते. पाय तिच्यावरून टाकावे लागतात, म्हणून उतरायच्या बाजूची कड हाताने खाली दाबून मगच पाय काढावा.

आता तक्रारी. मखमली अभ्रा दुकानात हाताला छान लागतो, पण मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात तो अंगाला चिकटतो, आणि गरोदरपणात मुळातच उकाडा जास्त जाणवतो. सुती अभ्रा वेगळा शिवून घेतला. साडेचार ते पाच मीटर सुती कापड लागलं, शिवणारीला मापासाठी जुना अभ्रा उसवून द्यावा लागला. चेन एका पूर्ण बाजूने लांब लावून घ्यावी. मूळ अभ्र्याला दीड फुटाची चेन होती, आणि एवढ्याशा तोंडातून चार फुटी उशी आत कोंबणं आठव्या महिन्यात एकटीचं काम नाही. घामाने, कापडाने कंबरेला किंवा मांड्यांना खाज सुटली तर अभ्रा बदलून थांबते. पण तळहात-तळपाय रात्री खाजत असतील आणि पुरळ दिसत नसेल, तर उशीला दोष देऊ नका. ते यकृताशी संबंधित असू शकतं; डॉक्टरांना लगेच सांगून रक्त तपासून घ्यावं.

फायबर वापराच्या तिसऱ्या महिन्यात बसलं. गुडघ्याचं वजन रोज एकाच वीतभर जागेवर पडतं, तिथले धागे चपटे होऊन कडेला सरकतात आणि दोन टोकांना गोळे होतात. महिन्यातून एकदा आतली पिशवी उघडून गोळे हाताने पिंजायचे, काढून ठेवलेलं फायबर गुडघ्याच्या जागी भरायचं. तेही पुरलं नाही तर पाव ते अर्धा किलो नवीन फायबर गादीवाल्याकडे सुटं मिळतं. कापूस भरलेली उशी थंड असते आणि पिंजाऱ्याकडून पुन्हा फुलवून घेता येते, पण वजन इतकं होतं की हलवायला दुसरं माणूस लागतं. बारीक थर्माकोलच्या दाण्यांची उशी प्रत्येक हालचालीला कुरकुरते; ज्यांची झोप आधीच सावध झाली आहे त्यांनी ती टाळावी.

धुणं ही खरी अडचण. सहा-सात किलोच्या मशीनमध्ये आतली उशी मावत नाही, हाताने धुतली तर पिळता येत नाही. शेवटचे तीन महिने जून ते सप्टेंबरमध्ये येत असतील तर आतली उशी धुवायचा विचारच सोडा, कोकणात ती चार दिवसांतही वाळत नाही आणि कुबट वास धरते. दोन अभ्रे ठेवा आणि ऊन पडलं की गच्चीवर उशी उलटसुलट तापवा.

जळजळ होते म्हणून यू-उशी घेणार असाल, तर निराश व्हाल. ती फक्त मान उचलते. मान वाकली आणि पोट तसंच सपाट राहिलं, तर आंबट पाणी घशाशी येतंच. त्यासाठी बेडच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवा किंवा गादीखाली उतरता तुकडा घाला, म्हणजे कंबरेपासून वरचं अंग चार-सहा इंच उचललं जाईल. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास. आम्लपित्ताचं औषध घेत असाल तर लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एका वेळी घ्यायचं नाही, कारण कॅल्शियम लोह शोषू देत नाही. सरकारी दवाखान्यातून मिळणारी गोळी 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची असते. ती चहासोबत घेणं म्हणजे अर्धी वाया घालवणं.

पोटाचा पट्टा 23 व्या आठवड्यात घेतला. उशी झोपेसाठी, पट्टा उभं राहण्यासाठी. स्वयंपाकघर, लोकल, शाळेतली नोकरी असेल तर याचा उपयोग उशीपेक्षा जास्त जाणवतो. माप कंबरेचं देऊ नये. पोटाच्या खालून, खुब्यांवरून फेरा मोजायचा. पट्टा समोर ओटीपोटाच्या हाडाच्या लगेच वर आणि मागे माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर यायला हवा. बऱ्याच जणी तो बेंबीवर बांधतात, त्याने पोट दाबलं जातं, जळजळ वाढते आणि कंबरेला काहीच मिळत नाही. लावल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दोन-तीन तास लावून काढायचा, आडवं होताना तर काढायचाच. दिवसभर बांधून ठेवला की पोटाचे आणि पाठीचे स्नायू आळसावतात.

अंगावर थेट लावला तर घामाने वळ उठतात, म्हणून आत पातळ सुती बनियन. साडी नेसणाऱ्यांनी परकराची नाडी पट्ट्यावर आवळू नये. रुंद इलॅस्टिकचा परकर पोटाच्या खाली घालावा. वेलक्रोत सुताचे धागे अडकतात आणि तीन महिन्यांत पकड जाते. जुन्या टूथब्रशने ते काढायचे आणि धुताना वेलक्रो बंद करून हाताने धुवायचा. बाळंतपणानंतर बांधायचा रुंद पोटपट्टा वेगळा, तो गरोदरपणात मुळीच वापरू नये. दुकानदार दोन्ही एकाच खोक्यातून काढून दाखवतात, पाहून घ्या. ओटीपोटाच्या पुढच्या हाडात किंवा मागे एका बाजूला टोचल्यासारखं दुखत असेल तर मऊ पट्ट्याने भागत नाही, अरुंद, न ताणणारा पट्टा लागतो आणि तो फिजिओथेरपिस्टकडूनच बसवून घ्यावा. 37 आठवड्यांच्या आधी कंबर ठराविक वेळाने दुखून थांबत असेल, पोट कडक होत असेल, तर पट्टा घट्ट-सैल करत बसू नका, दवाखाना गाठा.

आता हवा भरून वर बसायच्या मोठ्या चेंडूबद्दल थोडक्यात. उंची पाच फूट तीन इंचांपर्यंत असेल तर 55 सेंटीमीटरचा, त्यापुढे 65 चा. बसल्यावर गुडघे खुब्यांपेक्षा किंचित खाली असावेत. पहिल्या दिवशी पूर्ण फुगवू नये. चार-पंचमांश हवा भरून एक दिवस ठेवायचा, मग उरलेली. फरशीवर सतरंजी, पायात मोजे नकोत, मागे भिंत आणि पहिले काही दिवस शेजारी कोणीतरी. पंधरा-वीस मिनिटं पुढे-मागे आणि गोल हलायचं. दर दोन-तीन आठवड्यांनी हवा कमी होते. चेंडूवर बसल्याने कळा सुरू होतात असं सांगितलं जातं; तसं होत नाही, पण कळा सुरू झाल्यावर त्यावर बसून डुलायला आणि ओणवं होऊन टेकायला खरोखर आराम मिळतो. प्रसूतिगृहात चेंडू नेऊ देतात का, हे आठव्या महिन्यातच विचारा. वार (प्लासेंटा) गर्भाशयात खाली असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये.

पायात गोळे येण्यावर यातलं काहीच चालत नाही. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून प्रत्येक पोटरी तीस सेकंद, तीनदा ताणायची, आणि गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढायची. एकच पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल, तर चोळायची नाही, लगेच दाखवायची.

बाळंतपणानंतर यू-उशीची एक बाजू कंबरेभोवती गुंडाळली की दूध पाजायला बाळ छातीच्या उंचीला येतं आणि खांदे उतरतात. सिझेरियन झालं असेल तर खोकताना-हसताना छोटी उशी पोटाला दाबून धरायची. त्यासाठी साधी उशीच बरी, यू-उशी दवाखान्याच्या तीन फुटी खाटेवर मावत नाही. बाळाला मात्र या उशीवर किंवा तिच्या कुशीत झोपवून कधीही सोडू नये, नाक कापडात दबू शकतं.

दीड-दोन हजार खर्च करायचे नसतील तर घरातल्या सामानात हे सगळं जमतं. साधी उशी आडवी न धरता लांबीत, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. पाठीमागे गोधडीची घट्ट गुंडाळी, दोन्ही टोकांना नाडीने बांधलेली, नाहीतर मध्यरात्री उलगडते. पोटाखाली साडीची चौघडी. दिवाणखान्यातला नऊ इंची लोड पायांत घेऊ नका, तो फार जाड आणि कडक असतो, पाठीमागे चालतो. दोन जुन्या उशा टोकाला टोक लावून एकाच साडेचार फुटी अभ्र्यात शिवल्या, मध्ये एक आडवी टीप मारली, तर सी-उशीचं काम होतं आणि नंतर उसवून पुन्हा दोन उशा मिळतात. कूस बदलताना ती सोबत न्यावी लागते, तेवढंच.