लाटेकमध्ये ~ की \, ?

लाटेक (LaTeX) म्हणजे मजकुराची छपाईसाठी मांडणी करणारी प्रणाली; त्यात ~ आणि \, या जागा सोडायच्या खुणा. दोन्ही खुणांजवळ ओळ तुटत नाही, म्हणून बरेच जण हाताला येईल ती वापरतात. पण फरक आहे.

~ ने मिळते ती नेहमीचीच शब्दांमधली जागा. ओळ दोन्ही कडांना जुळवताना बाकीच्या जागा ताणल्या की हीसुद्धा ताणते. \, मात्र ठरीव: एक-षष्ठांश एम (एम म्हणजे साधारण फॉन्टच्या आकाराएवढी रुंदी), ना कमी ना जास्त.

‘वि.~वा.~शिरवाडकर’ असं लिहिलं तर सैल ओळीत वि. आणि वा. एकमेकांपासून लांब पडतात. मी ‘वि.\,वा.~शिरवाडकर’ लिहितो; आद्याक्षरं चिकटून, आडनाव मोकळं. ‘५\,किमी’ला पण तेच. ‘पृ.~४५’, ‘डॉ.~’ इथे ~ च बरी. साध्या स्पेसने डॉ. ओळीच्या शेवटी लटकू शकतो, शिवाय टिंब पाहून वाक्य संपलं असं समजून लाटेक जागा जरा वाढवतो. ~ मुळे दोन्ही टळतं.

एक खोड मात्र सांभाळा: ‘पृ. ~४५’ असं, ~ च्या आधी स्पेस देऊन, लिहू नका. जागा दुप्पट होते आणि ओळ त्या स्पेसवर खुशाल तुटते. सोर्समध्ये, म्हणजे आपण टाइप करतो त्या फाइलीत, सलग दहा स्पेस दिल्या तरी छापताना एकच उरते, ~ मात्र जितक्या द्याल तितक्या मोजल्या जातात.