हळदीच्या निंदणासाठी सायकल डवरा: खर्च कोठे वाचतो आणि कोठे वाचत नाही

वाशीम जिल्ह्यातील रिसोड पट्ट्यात हळद लावणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याची खर्चाची वही उघडली, तर बेण्यानंतर डोळ्यांत भरणारा आकडा निंदणाचा असतो. मे-जूनमध्ये लावलेल्या कंदाचे कोंब वर यायला तीन-चार आठवडे लागतात. तण मात्र पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवडाभरातच वाफा हिरवा करून टाकते. त्यातच हे काम नेमके सोयाबीन आणि कपाशीच्या निंदणाशी एकाच वेळी येते, त्यामुळे मजूर बाया मिळणे हाच मोठा प्रश्न होतो. आमच्याकडे सध्या निंदणाची रोजी अडीचशे ते तीनशे रुपये आहे. बाया शेजारच्या गावातून आणल्या तर ऑटोचे भाडे शेतमालकाकडे. तण दाट असेल तर एकरी 12 ते 15 बाया लागतात, आणि भर लावेपर्यंत, म्हणजे कंदाला माती चढवेपर्यंत, असे दोन-तीन फेरे होतात.

हा खर्च कमी करण्यासाठी तालुक्याच्या गावातील एका वेल्डिंगच्या दुकानातून सायकल डवरा, म्हणजे हाताने चालवायचे एकचाकी निंदणाचे अवजार, बनवून घेतला. जुन्या सायकलीचे पुढचे चाक, लोखंडी पाइपाची दांडी आणि खाली नटबोल्टने बसवलेली पास (तण कापणारे आडवे पाते), एवढीच त्याची रचना. दोन पासी धरून अठराशे रुपये लागले. दांडीची उंची चालवणाऱ्याच्या कमरेप्रमाणे खाली-वर करता येते, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटली, कारण उंची चुकली की दुपारपर्यंत पाठ धरते आणि मग अवजार कोपऱ्यात पडून राहते.

कामाविषयी पहिली गोष्ट अशी की, हा डवरा तण उपटत नाही, मातीच्या वरच्या थरात मुळाशी कापतो. त्यामुळे तण दोन-चार पानांवर असताना तो अत्यंत प्रभावी ठरतो. केना, माठ, घोळ यांची कोवळी रोपे कापली जाऊन उन्हात सुकतात. केना आणि घोळ मोठे झाल्यावर मात्र कापलेली कांडी ओल्या मातीत पुन्हा मूळ धरते. लव्हाळ्यावर तर याचा उपयोग तात्पुरताच होतो, कारण त्याच्या गाठी पासीच्या बऱ्याच खाली असतात आणि काही दिवसांतच नवे पाते वर येते. तेथे खुरप्याने खोल खणण्याला पर्याय नाही. उगवणीपूर्वी ॲट्राझीन हे तणनाशक मारण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण लव्हाळा त्यालाही फारसा बधत नाही. आणि सोयाबीनमध्ये जसे उगवणीनंतर इमॅझेथापायर फवारून मोकळे होता येते, तशी सोय उभ्या हळदीत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्या काळ्या, भारी मातीत वाफसा (ना चिखल, ना कडक, अशी बेताची ओल) असेल तेवढेच दिवस डवरा चालतो. ओल जास्त असली की पासीवर चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरायचे थांबते. माती कडक झाली की पास वरून घसरते. श्रावणात झड लागली की डवरा गोठ्यात आणि तण शेतात, अशी स्थिती होते. असा पावसाळा असेल तर बायांना सांगून ठेवलेलेच बरे.

तिसरी अडचण गादीवाफ्याची, म्हणजे उंच केलेल्या वाफ्याची, आहे आणि दुकानदार ती सांगत नाही. वाफ्यावर दोन ओळींत एक फूट अंतर असते, म्हणून तेथे नऊ इंची पास घालू नये. दोन्ही बाजूंना जेमतेम दीड इंच उरते आणि कोवळा कोंब दुखावतो. सहा इंची पास बरोबर चालते, परंतु नेमकी त्याच पट्ट्यातून ठिबकची नळी गेलेली असते. ती उचलून बाजूला घेण्यास दुसरा माणूस लागतो, आणि दुर्लक्ष झाल्यास नळी कापली जाते. परिणामी डवऱ्याचा खरा उपयोग दोन वाफ्यांमधील सरीत आणि वाफ्याच्या उतारावर होतो. माथ्यावर आणि कंदाजवळ हातानेच निंदावे लागते. तरीही सरी आधीच स्वच्छ झाल्यामुळे 12 ते 15 बायांचे काम सहा-सातांत उरकते, म्हणजे एका एकराच्या पहिल्याच फेऱ्यात अवजाराची बहुतेक किंमत निघते. अर्थात त्या हिशेबात चालवणाऱ्याची मजुरी धरलेली नाही. एक माणूस दिवसभरात अर्धा ते पाऊण एकर ओढतो आणि ते काम घरचाच गडी करतो, म्हणून ते फुकट वाटते.

भाड्याचा पॉवर वीडर (इंजिनावर चालणारे निंदणाचे यंत्र) याहून झपाट्याने चालतो, हे खरे आहे. मात्र त्याचे फिरते दाते लव्हाळ्याच्या गाठी तोडून शेतभर पसरवतात आणि फुटवे आल्यानंतर कंदाच्या जवळ तो नेता येत नाही. रुंद सऱ्या आणि लव्हाळामुक्त शेत असेल तरच तो मागवावा.

ज्यांच्याकडे एक-दोन एकर हळद आहे, बैलजोडी उरलेली नाही आणि पहिल्या दोन महिन्यांत शेतात वरचेवर फिरणारे घरचे माणूस आहे, त्यांनी सायकल डवरा अवश्य घ्यावा. भर लावल्यानंतर पाने सरी झाकू लागतात आणि त्याचे काम संपते. पुढे वाफ्यावर सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरले तर निंदणाचा शेवटचा फेरा बराच हलका होतो. विकत घेताना पास वेल्डिंगने पक्की जोडलेली नसावी, नटबोल्टचीच मागावी, म्हणजे धार लावण्यासाठी ती काढता येते. चाकाच्या आसात बेअरिंग आहे की नुसती बुश, हेही चाक हाताने फिरवून पाहावे.