प्रबंध रोज तासभर लिहावा की सुट्टीत सलग बसून? कोल्हापुरातल्या संशोधकांसाठी एक तुलना

पीएच.डी.चं कोर्सवर्क झालं, आराखडा मंजूर झाला, प्रश्नावल्या भरून आल्या, झेरॉक्सचे गठ्ठे कपाटात साठले. पण दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहिलं की तोंडून एकच वाक्य निघतं, "विश्लेषण सुरू आहे." अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची कमी नसते आणि त्यांचे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. एक जण सांगतो, पहाटे उठा आणि रोज लिहा. दुसरा सांगतो, तुकड्यातुकड्यानं काही होत नाही, मे महिन्यात दार लावून बसा. दोघांचेही प्रबंध पूर्ण झालेले असतात, म्हणून दोघंही ठामपणे बोलतात. तुम्हाला कोणता मार्ग जमेल हे दोन गोष्टींवर ठरेल. दिवसातले नेमके कोणते तास तुमच्या मालकीचे आहेत, आणि सध्या लिखाणातलं कोणतं काम अडलं आहे.

आधी मुदतीचं गणित पाहू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. ही ६ वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जातात, म्हणजे कोर्सवर्कचा काळही त्यातच जातो. जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप असलेल्यांना पहिली २ वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, पण फेलोशिप ५ वर्षांत संपते. सहावं वर्ष स्वतःच्या खिशातून काढावं लागतं.

रोजचा तास

आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला ३०० शब्द धरा. आठवड्याला १,५०० होतात. प्रबंध साधारण ६०,००० शब्दांचा असेल तर ४० आठवडे लागतात. लिहिलेल्यातलं निम्मं पुढे काढून टाकावं लागेल असं धरलं तरी दीड वर्षाच्या आसपास मजकूर हातात येतो. बाकीची वर्षं वाचन, क्षेत्रकार्य आणि दुरुस्त्यांना उरतात.

शब्दांच्या बेरजेपेक्षा मोठा फायदा वेगळा आहे. रोज हात लागलेला प्रबंध डोक्यातून उतरत नाही. पंधरा दिवसांचा खंड पडला की पहिले दोन दिवस "आपण कुठवर आलो होतो" हे शोधण्यातच जातात आणि फाईल उघडायची भीती वाटायला लागते. रोज लिहिणाऱ्याला ही भीती सहसा वाटत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा विषय करवीर आणि कागल तालुक्यांतली गुऱ्हाळघरं कमी का होत आहेत हा आहे. काल संध्याकाळी तुम्ही लिहिलंत, "मजूर मिळत नाहीत, असं बहुतेक मालकांनी सांगितलं." आणि त्याखाली स्वतःसाठी एक ओळ ठेवलीत, "उद्या: गुळव्या मिळत नाही आणि ऊसतोड मजूर मिळत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मुलाखती त्या हिशेबानं वेगळ्या करणे." आज सकाळी बसलात की काय करायचं हे शोधावं लागत नाही. काहिलीपाशी उभं राहून पाकाचा अंदाज घेणारा कसबी गुळव्या आणि फडात राबणारा मजूर यांना एकाच आकड्यात कोंबलं होतं, ते सुटं होतं. परिच्छेदाचे दोन परिच्छेद होतात आणि त्यातल्या दुसऱ्यात प्रबंधाचा खरा मुद्दा सापडण्याची शक्यता असते. एका तासाचं एवढं काम पुरेसं आहे. उठण्याआधी उद्याची ओळ लिहून ठेवायची, ही या पद्धतीतली सर्वात उपयोगी सवय आहे. ती सोडली तर रोजचा तास बराचसा वाया जातो.

मर्यादाही सांगायला हवी. चार प्रकरणांचा युक्तिवाद एकमेकांशी जुळवणं, आकृतिबंध मोडून पुन्हा बांधणं, शंभर मुलाखतींची विषयवार मांडणी करणं ही कामं तासाभरात होत नाहीत. सगळे कागद पसरून होईपर्यंत तास संपतो.

सलग बैठक

सीनिअर कॉलेजात शिकवणाऱ्यांना हा मार्ग जवळचा वाटतो, कारण त्यांचं वर्षच तसं चालतं. सत्र चालू असताना तासिका, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली, एनएसएसचं शिबिर, मग परीक्षा आणि कॅपला, म्हणजे मध्यवर्ती केंद्रावर, पेपर तपासणी. उरते ती दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी. रोज हजार शब्दांनी पंधरा दिवस नेटानं बसलात तर १५,००० शब्द होतात, म्हणजे दीड-दोन प्रकरणांचा कच्चा मजकूर. सलग बसण्यात विचारांना जी लय सापडते तिची सर तुकड्यांना येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अख्खं प्रकरण एकाच वेळी नजरेसमोर दिसायला लागतं आणि पाचव्या पानावरची गोष्ट तिसाव्या पानावरच्या गोष्टीशी भांडते आहे हे लक्षात येतं.

धोका एवढाच की ही सुट्टी खरोखर तुमची असते का? आपल्याकडे दिवाळीत घर भरलेलं असतं, मे महिन्यात लग्नसराई. चैत्रात जोतिबाची यात्रा, आश्विनात नवरात्र, आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे तुमच्याकडेच उतरणार. ज्यांच्या घरात सणावाराची जबाबदारी बाईवरच पडते, त्या संशोधक मैत्रिणींना "सुट्टीत बसून लिही" हा सल्ला देणं अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं. सुट्टीतच तिचं काम दुप्पट होतं. तिच्यासाठी सत्र चालू असताना मुलं शाळेत गेल्यावरचा किंवा कॉलेजच्या ग्रंथालयातला ठरलेला एक तास जास्त भरवशाचा आहे. २०२२ च्या नियमावलीत महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. ती मागताना संकोच करू नये.

रोज लिहिण्याच्या सल्ल्यामागे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांचा मोठा वाटा आहे. प्राध्यापकांच्या सवयी अभ्यासून त्यांनी छोट्या, नियमित बैठकांची बाजू मांडली. पुढे न्यूझीलंडच्या हेलन स्वोर्ड यांनी भरपूर प्रकाशित लेखन असलेल्या अभ्यासकांना विचारलं, तेव्हा त्यांच्यातले बरेच जण रोज लिहीत नाहीत असं दिसलं. म्हणजे रोज जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसण्याचं कारण नाही.

तरीही दोन्हींतलं एकच निवडायचं झालं तर मी रोजच्या तासाच्या बाजूनं आहे. दोन्ही जमत असतील तर नवीन मजकूर रोजच्या तासात तयार करावा आणि जुळवाजुळव सुट्टीत करावी. सुट्टीत कोऱ्या पानासमोर बसणाऱ्याचे पहिले चार दिवस चाचपडण्यात जातात. हाताशी विस्कळीत का होईना वीस पानं असली तर पहिल्याच दिवशी काम सुरू होतं.

पूर्णवेळ फेलोशिपवाल्यांची अडचण उलटी असते. त्यांच्याकडे दिवसच्या दिवस मोकळे असतात आणि म्हणूनच ते निसटतात. त्यांनी सकाळचे दोन तास लिखाणाला बांधून घ्यावेत आणि दुपार वाचनाला ठेवावी. दिवसभर लिहीन म्हणणारा बहुधा दिवसभर संदर्भ शोधतो.

कोणत्या प्रकरणापासून?

प्रस्तावनेपासून क्रमानं जाणं स्वाभाविक वाटतं, पण बहुतेकांचं गाडं तिथेच रुततं. पुढे काय सापडणार हे ठाऊक नसताना त्याची ओळख कशी करून द्यायची? संशोधन पद्धतीचं प्रकरण आधी घ्या. गावं कशी निवडली, किती जणांशी बोललो, कधी बोललो हे सगळं तुम्ही स्वतः केलेलं असतं, त्यामुळे हात लवकर वळतो. मग विश्लेषणाचं एखादं प्रकरण, त्यानंतर पूर्वसंशोधनाचा आढावा. प्रस्तावना आणि निष्कर्ष शेवटी. इतिहास किंवा साहित्याच्या प्रबंधात पद्धतीचं प्रकरण छोटं असतं, तिथे ज्या कालखंडाची किंवा लेखकाची कागदपत्रं सर्वात जास्त जमली आहेत तिथून सुरुवात करावी.

घर, ग्रंथालय की गट?

शिवाजी विद्यापीठातलं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र वाचनासाठी आणि जुने प्रबंध पाहण्यासाठी उत्तमच. शहरात राहणाऱ्यांना १८५० सालापासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, जुनी मराठी पुस्तकं लागणाऱ्यांनी तिथे चक्कर मारायलाच हवी. पण ग्रंथालयात गेलं की आणखी एक पुस्तक काढायचा मोह होतो. लिहायला जाताना पुस्तकांची यादी घरी ठेवून जावं.

मला सर्वात परिणामकारक वाटतो तो तिघा-चौघांचा गट. विषय वेगवेगळे असले तरी चालतात, खरं तर वेगवेगळेच बरे. आठवड्यातून एकदा राजारामपुरीत कुणाच्या तरी घरी जमायचं, मोबाईल बाजूला, २५ मिनिटं लिहायचं, ५ मिनिटं थांबायचं, असे चार फेरे. ही २५ मिनिटांची पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या अभ्यासासाठी काढली. घरी एकट्यानं ती पाळणं जड जातं, चौघं बसले की आपोआप पाळली जाते. गडहिंग्लज, चंदगडकडून येणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर तेच करावं. चहा मात्र चार फेऱ्यांनंतरच.

गाईडना काय दाखवायचं?

इथे चुकीच्या निवडीची किंमत सर्वात जास्त असते. एक रीत म्हणजे पूर्ण, स्वच्छ टाइप केलेलं प्रकरण घेऊन जायचं. सरांसमोर अर्धवट काही नेणं आपल्याला प्रशस्त वाटत नाही, आदर असतो आणि थोडी भीतीही. पण ऐंशी पानांचं प्रकरण वाचायला त्यांनाही सुट्टीच लागते. दोन-तीन महिन्यांनी ते परत येतं तेव्हा तुमच्या डोक्यातून ते निघून गेलेलं असतं, आणि मांडणीचा पायाच बदला असा शेरा असला तर सहा महिने गेले.

दुसरी रीत म्हणजे दर पंधरा दिवसांनी सात-आठ पानं आणि सोबत तीन ओळींची चिठ्ठी: "मॅडम, हा कच्चा मजकूर आहे. गुळव्या आणि मजूर ही विभागणी योग्य वाटते का, एवढंच पाहावं. भाषा नंतर सुधारतो." एकच नेमका प्रश्न विचारला की व्यग्र गाईडही दहा मिनिटं काढतात. दिशा चुकली असेल तर ती आठव्या पानावर कळते.

काही गाईडना मात्र तुकडे खरोखर आवडत नाहीत, "पूर्ण झाल्यावर आणा" असं ते स्पष्ट सांगतात. त्यांच्याशी वाद घालू नये. प्रकरणाचा दोन पानी सारांश आधी दाखवावा, त्याला होकार मिळाला की लिहावं, आणि कच्ची पानं गटातल्या मित्रांना वाचायला द्यावीत.

हातानं लिहून डीटीपी, की स्वतः युनिकोडमध्ये?

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनी हा निर्णय पहिल्याच वर्षी घ्यावा. फुलस्केपवर लिहून डीटीपीवाल्याकडे देण्यात एक सोय आहे, हात आणि विचार एका गतीनं चालतात. पण तिथे मजकूर अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये बसवला जातो. तो युनिकोड नसल्यामुळे फाईलमध्ये शब्द शोधता येत नाही, रूपांतर करताना जोडाक्षरं तुटतात, साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उतरवलेला नाही ना, हे पाहताना) अडचणी येतात आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी दुकानाची पायरी चढावी लागते. दुरुस्त्या शेकड्यांनी येतात.

स्वतः युनिकोडमध्ये टाइप करायला सुरुवातीचे काही आठवडे त्रास होतो, मग बोटं सरावतात. टाइपिंग अजिबात जमत नसेल तर मोबाईलवर मराठीत बोलून मजकूर उतरवता येतो, विरामचिन्हं नंतर घालावीत. संदर्भांसाठी झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. टिपणं काढताना दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हात आणि पान क्रमांकासह उतरवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. टिपणवहीतून नकळत उतरलेली वाक्यं प्रामाणिक माणसालाही अडचणीत आणतात.

कागदाबद्दल आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं होतं. शाहूपुरीत, शिरोळ तालुक्यात किंवा नदीकाठच्या कुठल्याही गावात राहत असाल, तर मुलाखतींच्या वह्या आणि भरलेल्या प्रश्नावल्या जूनपूर्वी स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर ठेवा आणि मूळ कागद वरच्या मजल्यावर न्या. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचल्यावर घरातली माणसं आणि जनावरं आधी हलवायची असतात, गठ्ठ्यांकडे बघायला सवड नसते.

शेवटचे सहा महिने

या टप्प्यावर रोजचा तास पुरत नाही. प्रबंध दाखल करण्यापूर्वीचं (प्री-सबमिशन) सादरीकरण, समितीनं सुचवलेल्या दुरुस्त्या, साम्य अहवाल, संदर्भसूची, तक्त्यांचे क्रमांक ही सगळी कामं एकमेकांत अडकलेली असतात आणि सलग दिवस मागतात. नोकरी करणाऱ्यांनी अर्जित रजा आधीपासून याच काळासाठी राखून ठेवावी, सुरुवातीच्या वाचनावर खर्चू नये. रजेचा अर्ज देण्यापूर्वी गाईड त्या आठवड्यांत कोल्हापुरात आहेत ना, एवढं विचारून घ्या. मुदतीच्या तारखेपासून उलटं मोजत या. बाइंडिंगला एक आठवडा, शुद्धलेखनाला तीन, गाईडच्या शेवटच्या वाचनाला निदान एक महिना. मग जी तारीख येईल ती कॅलेंडरवर लाल करा आणि तिच्यानंतर एकही नवीन पुस्तक उघडू नका.